जीवोत्पत्ती : परिस्थितिविज्ञान आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने

निर्जीव द्रव्यापासून पहिले सजीव कसे निर्माण झाले, या प्रश्नाच्या शास्त्रीय अभ्यासास जीवोत्पत्तीचा अभ्यास म्हणतात. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे खडक आढळले आहेत. म्हणजे या दोन काळांच्या दरम्यान केव्हातरी जीवसृष्टीचा आरंभ झाला. सजीवांचे घटक कशापासून बनले, हे रसायनशास्त्र सांगते. ते घटक कोठे एकत्र आले, कोणत्या ऊर्जेवर टिकले व एकमेकांवर कसे अवलंबून राहिले, हा परिस्थितिविज्ञानाचा प्रश्न आहे. त्यांपैकी कोणते टिकले व का टिकले, हा उत्क्रांतिशास्त्राचा. या दोन शास्त्रांच्या दृष्टीने पाहिले असता पहिला सजीव म्हणजे अचानक अवतरलेली एकटी पेशी ठरत नाही. विशिष्ट परिसरात परस्परांशी स्पर्धा व सहकार्य करणाऱ्या रेणूंच्या समुदायातून पेशी हळूहळू आकारास आली, असे दिसते.

संज्ञा

उत्पत्ती आणि उत्क्रांती हे शब्द बोलण्यात अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. शास्त्रात मात्र त्यांचे अर्थ भिन्न आहेत. उत्पत्ती म्हणजे पूर्वी नसलेल्या गोष्टीचे अस्तित्वात येणे. उत्क्रांती म्हणजे अस्तित्वात असलेल्या गोष्टीत पिढ्यान्‌पिढ्या होत जाणारा वंशागत बदल. चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ सालच्या ग्रंथाचा विषय जातींची उत्पत्ती हा होता. पहिल्या जीवाची उत्पत्ती हा नव्हे. त्यामुळे ‘उत्क्रांतिवाद जीवाचा आरंभ सांगू शकत नाही’ असे विधान पुष्कळदा केले जाते. ते विधान एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. तथापि, उत्क्रांती घडण्यासाठी पूर्ण विकसित पेशी आवश्यक आहे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. या लेखाचा विषय असलेला विचार त्याच प्रश्नापासून सुरू होतो.

विचाराचा इतिहास

कुजक्या मांसात अळ्या वा चिखलात बेडूक आपोआप निर्माण होतात, अशी समजूत अनेक देशांत दीर्घकाळ रूढ होती. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास वाकड्या नळीच्या चंबूंचे प्रयोग करून, उकळलेल्या रसात बाहेरून सूक्ष्मजीव शिरल्याखेरीज जीव दिसत नाहीत, हे सिद्ध केले. या प्रयोगांमुळे एक नवी अडचण उभी राहिली. जीव जीवापासूनच होत असेल, तर पहिला जीव कोठून आला?

डार्विन यांनी १८७१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात एका लहानशा उबदार डबक्याची कल्पना मांडली. अमोनिया, फॉस्फेटे, प्रकाश, उष्णता आणि वीज यांच्या योगाने तेथे प्रथिनासारखा पदार्थ तयार होऊ शकेल, असे त्यांनी सुचविले. त्याच पत्रातील दुसरा विचार तुलनेने कमी परिचित आहे. असा पदार्थ आज तयार झाला, तर विद्यमान सजीव तो लगेच खाऊन वा शोषून टाकतील. सजीव नसलेल्या काळात मात्र तसे झाले नसते, असे डार्विन यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद परिस्थितिविज्ञानाचा आहे. जीवोत्पत्ती आज पुन्हा घडताना का दिसत नाही, याचे एक उत्तर त्यात मिळते : जीवसृष्टीने आपल्या आरंभाला अनुकूल असलेली परिस्थितीच बदलून टाकली.

रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांद्र ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले, की आदिम वातावरणात मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे कार्बनी संयुगे नष्ट न होता पाण्यात साठत गेली. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले, पुढे भारतीय नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. या कल्पनेला प्रयोगाचा आधार १९५३ मध्ये मिळाला. शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणातून विद्युत ठिणग्या सोडल्या आणि त्यात अमिनो आम्ले तयार झाल्याचे दाखविले. आदिम वातावरणाचे घटक नेमके हेच होते काय, याविषयी पुढे मतभेद झाले. परंतु सजीवांचे घटक निर्जीव रसायनांतून बनू शकतात, हा निष्कर्ष कायम राहिला.

पेशीपूर्व उत्क्रांती

नैसर्गिक निवड होण्यासाठी तीन गोष्टी पुरेशा असतात : प्रतिकृती, प्रतिकृतीतील लहानसहान फरक आणि त्या फरकांमुळे टिकण्याच्या वा वाढण्याच्या शक्यतेत पडणारे अंतर. या तिन्ही गोष्टी रेणूंच्या ठिकाणी असतील, तर पेशी नसतानाही निवड होऊ शकते.

अमेरिकन शास्त्रज्ञ सोल स्पीगलमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये हे परीक्षानळीत दाखविले. एका विषाणूचे आरएनए, त्याची प्रतिकृती करणारे विकर आणि आवश्यक कच्चा माल त्यांनी एका नळीत ठेवला. थोड्या वेळाने त्यातील अंश दुसऱ्या नळीत, मग तिसऱ्या नळीत, असे ते काढत गेले. प्रत्येक वेळी जे रेणू लवकर वाढले, तेच पुढच्या नळीत जास्त संख्येने गेले. ७४ व्या स्थानांतरापर्यंत मूळ रेणूचा सुमारे ८३ टक्के भाग गळून पडला होता. उरलेला आखूड रेणू पेशीत शिरून रोग उत्पन्न करण्यास असमर्थ होता. परंतु नळीत तो मूळ रेणूपेक्षा पुष्कळ वेगाने वाढत होता. या प्रयोगातील विकर सजीवापासूनच घेतलेले होते, म्हणून ही जीवोत्पत्ती नव्हे. तथापि, रेणूंची उत्क्रांती होते आणि ती परिसराला अनुसरून होते, हे त्यातून स्पष्ट झाले. नळी हाच त्या रेणूंचा परिसर होता, आणि तेथे लांब वारसा उपयोगाचा नव्हता.

आरएनए हा रेणू माहिती साठवतो आणि रासायनिक क्रिया घडवूनही आणतो, हे सिडनी ऑल्टमन आणि थॉमस चेक यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यासाठी त्यांना १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनए आणि प्रथिने यांच्या आधी आरएनएवर आधारलेली अवस्था असावी, या कल्पनेला वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ मध्ये ‘आरएनए विश्व’ असे नाव दिले.

जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये या मार्गातील एक मोठी अडचण दाखविली. प्रतिकृती करताना चुका होतात. चुका सुधारणारे विकर नसेल, तर ठरावीक लांबीपेक्षा मोठा रेणू पिढ्यान्‌पिढ्या आपली माहिती राखू शकत नाही. आणि असे विकर घडवायचे, तर त्यासाठी मोठा रेणू हवा. एकट्या रेणूच्या दृष्टीने हा पेच सुटत नाही. आयगेन आणि पीटर शुस्टर यांनी यावर असे सुचविले, की अनेक लहान रेणू एकमेकांच्या प्रतिकृतीस साहाय्य करीत एका चक्रात बांधले गेले असावेत. अशा रीतीने एकट्या रेणूऐवजी रेणूंच्या समुदायाचा विचार सुरू झाला.

परिस्थितिविज्ञानाची भूमिका

समुदाय म्हटला की त्यात फुकटे येतात. इतरांनी घडवलेल्या साहाय्याचा लाभ घेऊन स्वतः काहीच न देणारा रेणू आखूड असतो, म्हणून लवकर वाढतो आणि अखेर सर्व समुदायाला बुडवितो. शेतात पिकाच्या वाट्याचे खत-पाणी तणाने खावे, तसा हा प्रकार असतो. जीवशास्त्रज्ञ अशा रेणूंना परोपजीवी म्हणतात. परोपजीवी हा पूर्ण विकसित सजीवांच्या काळातील विकार नसून तो जीवोत्पत्तीइतकाच जुना असावा, असे यावरून दिसते.

यावरील उपाय म्हणजे विभागणी. सर्व रेणू एकाच पाण्यात मोकळे न राहता लहान लहान थेंबांत वा कप्प्यांत विभागले गेले, तर फुकटे ज्या कप्प्यात असतील तो कप्पा मागे पडतो आणि सहकार्य करणारा कप्पा वाढतो. जपानमधील नोरिकाझु इचिहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तेलातील पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत एकाच प्रकारचा आरएनए दीर्घकाळ प्रतिकृत होऊ दिला. त्यातून परोपजीवी उत्पन्न झाले. त्यांना तोंड देणारे पोशिंदे उत्पन्न झाले. आणि अखेर पाच निरनिराळ्या वंशांचे आरएनए परस्परांवर अवलंबून एकत्र नांदू लागले. एका रेणूपासून सुरू झालेल्या व्यवस्थेत साध्या परिसंस्थेची लक्षणे दिसू लागली. याही प्रयोगात प्रथिने तयार करणारी सामग्री सजीवांपासून घेतलेली होती.

परिस्थितिविज्ञानाचा दुसरा मुद्दा ऊर्जेचा आहे. कोणतीही परिसंस्था ऊर्जेच्या सतत प्रवाहावर चालते. बंद भांड्यातील रसायने कालांतराने समतोलाला पोहोचतात आणि तेथे पुढे काही घडत नाही. म्हणून जीवोत्पत्तीचे स्थान शोधताना केवळ आवश्यक पदार्थ असणे पुरत नाही. ऊर्जेतील फरक सतत राखणारी जागा लागते. अशा जागांविषयी मुख्यतः दोन मते आहेत. एका मतानुसार समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांच्या सच्छिद्र खडकांत जीवाचा आरंभ झाला. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ असे झरे सापडल्यानंतर या मताला बळ मिळाले. दुसऱ्या मतानुसार जमिनीवरील तळी आणि उष्ण डबकी हे आरंभस्थान होते, कारण तेथे पाणी आटते आणि पुन्हा भरते. पाणी आटताना लहान रेणू एकमेकांजवळ येऊन जोडले जातात. पाणी भरल्यावर ते मोकळे होऊन मिसळतात. अशा ओल्या-सुक्या चक्रामुळे लांब साखळ्या तयार होण्यास मदत होते, हे प्रयोगांत दिसले आहे.

समाईक पूर्वज एकटा नव्हता

आजच्या सर्व सजीवांची जनुके ताडून पाहिल्यास त्यांचा एक अंतिम समाईक पूर्वज असावा, असे दिसते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने त्याचा काळ सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याच्या प्रथिनांची संख्या सुमारे २,६०० असल्याचा अंदाज केला. विषाणूंपासून संरक्षण करणारी प्राथमिक यंत्रणा त्याच्याजवळ असावी, असेही त्या अभ्यासाचे अनुमान आहे. संरक्षण होते म्हणजे हल्लेखोरही होते. हा पूर्वज पहिला जीव नव्हता आणि तो एकटाही नव्हता. आधीच वसलेल्या परिसंस्थेतील तो एक रहिवासी होता, आणि त्याच्या सोबत्यांचे वंश पुढे टिकले नाहीत. पृथ्वीच्या इतिहासात इतक्या लवकर परिसंस्था उभी राहिली असेल, तर उत्क्रांती आणि परस्परावलंबन यांचा आरंभ त्याहूनही आधी मानावा लागतो.

विदर्भातील माती, खडक आणि पाणी

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून हा खडक बनला. तेव्हा जीवसृष्टीला अब्जावधी वर्षे होऊन गेली होती. त्यामुळे जीवोत्पत्ती येथे घडली, असे म्हणता येत नाही. परंतु जीवोत्पत्तीच्या चर्चेत ज्या खनिजांची आणि जलाशयांची नावे येतात, त्यांची परिचित उदाहरणे या प्रदेशात आहेत.

काळी माती : बेसाल्टची झीज होऊन कापसाची काळी जमीन तयार होते. तिच्यातील चिकणमातीत माँटमोरिलोनाइट आणि त्याच्या वर्गातील खनिजे विपुल असतात. या खनिजाचे कण कागदाच्या गठ्ठ्यासारखे पातळ थरांचे असतात. थरांवर ऋण विद्युतभार असतो आणि थरांच्या मधल्या जागेत पाणी व धन आयन शिरतात. त्यामुळेच ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. भेगांत वरची माती पडून खालवर होते, म्हणून ती स्वतःच नांगरली जाते असे म्हणतात. चिकणमातीच्या पृष्ठभागावर कार्बनी रेणू साठून जोडले गेले असावेत, ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडली. अमेरिकेतील जेम्स फेरिस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माँटमोरिलोनाइटवर आरएनएचे क्रियाशील केलेले घटक पुनःपुन्हा घालून ५५ घटकांपर्यंतच्या साखळ्या मिळविल्या. जॅक शोस्टॅक यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये दाखविले, की हेच खनिज मेदाम्लांपासून सूक्ष्म पुटिका बनण्याची क्रिया वेगवान करते, आणि त्याच्या कणांना चिकटलेले आरएनए त्या पुटिकांत बंदिस्त होते. साखळी बनविणे आणि कप्पा बनविणे ही दोन्ही कामे एकच खनिज करू शकते, हे या प्रयोगांचे महत्त्व होय. प्रयोगांतील खनिज शुद्ध करून घेतलेले होते. शेतातील माती सूक्ष्मजीवांनी भरलेली असते. तेथे असे रेणू तयार झाले तरी डार्विन यांनी म्हटल्याप्रमाणे ते खाल्ले जातील.

गिरडचे दगड : समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. तेथे आढळणाऱ्या गोलसर दगडांविषयी अशी आख्यायिका आहे, की फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळादी माल त्यांच्या शापाने दगड झाला. ब्रिटिशकालीन ‘इम्पिरियल गॅझेटियर’मध्ये ही आख्यायिका नोंदविली असून हे गोटे झिओलाइटयुक्त असल्याचे म्हटले आहे. थंड झालेल्या लाव्हातील पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली द्रव्ये साठून झिओलाइट खनिजे तयार होतात. त्यांच्या अंतर्भागात रेणूंच्या आकाराची असंख्य छिद्रे असतात. भूशास्त्रज्ञ जोसेफ स्मिथ यांनी १९९८ मध्ये असे सुचविले, की विशिष्ट झिओलाइटांच्या छिद्रांत कार्बनी रेणू पाण्यापासून सुरक्षित राहून साखळ्यांत जोडले गेले असावेत. सजीव वस्तूचा दगड झाला, असे आख्यायिका सांगते. दगडाच्या आश्रयाने सजीवाची सामग्री जुळली असेल काय, असे हे गृहीतक विचारते.

लोणार सरोवर : बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर बेसाल्ट खडकावर अशनी आदळून झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. पाणी खारट व अत्यंत अल्कधर्मी असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. २०२० मध्ये त्याचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्याचे कारण असल्याचे आढळले. अशा कार्बोनेटयुक्त सरोवरांना जीवोत्पत्तीच्या विचारात वेगळे महत्त्व आहे. आरएनएला फॉस्फेट लागते. पण सामान्य पाण्यात कॅल्शियम त्याला घट्ट बांधून खनिजरूपाने खाली बसविते. कार्बोनेट विपुल असेल, तर ते कॅल्शियमला आधीच बांधून टाकते आणि फॉस्फेट पाण्यात मोकळे राहते. जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी २०२० मध्ये हा खुलासा मांडला. म्हणजे डार्विन यांच्या डबक्यात फॉस्फेट कोठून आले, या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर लोणारसारख्या सरोवरांच्या रसायनात आहे.

बाह्यागमनाचे मत

जीवाचे बीज अंतराळातून पृथ्वीवर आले, असे मत फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंगे यांनी मांडले होते. त्याची तपासणी करण्यासाठी जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून फुगे सोडून वातावरणाच्या उंच थरांतील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. २००१ आणि २००५ मधील या प्रयोगांत भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा सहभाग होता. दुसऱ्या प्रयोगातील नमुन्यांत तीन नव्या जीवाणू-जाती आढळल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी एकीला हॉईल यांचे, तर एकीला आर्यभट यांचे नाव देण्यात आले. हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले, असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले होते. हे मत खरे ठरले, तरी जीवोत्पत्तीचा प्रश्न दुसऱ्या ग्रहावर जाईल इतकेच. तेथील परिसर, तेथील ऊर्जा आणि तेथील निवड यांचा विचार करावाच लागेल.

आक्षेप आणि मर्यादा

या विचारपद्धतीवर मुख्य आक्षेप असा, की निवड सुरू होण्यासाठी प्रतिकृती करणारा रेणू आधी हवा, आणि तो कसा बनला हे निवड सांगू शकत नाही. साध्या रसायनांपासून, सजीवांची कोणतीही सामग्री न वापरता, स्वतःची प्रतिकृती करीत उत्क्रांत होणारी व्यवस्था अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत बनलेली नाही. काही शास्त्रज्ञ आनुवंशिक रेणूच्या आधी चयापचयाचे चक्र आले असे मानतात. इतर शास्त्रज्ञ उलट क्रम मानतात. तसेच सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडक पृथ्वीवर फारच थोडे शिल्लक असल्याने प्रत्यक्ष पुरावा मिळणे कठीण आहे. प्रयोगांतून ‘असे घडू शकते’ एवढे कळते. ‘असेच घडले’ हे त्यावरून ठरत नाही.

शालेय शिक्षणातील स्थान

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ या पाठ्यपुस्तकाचा पहिला पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मात्र पाठ्यक्रमाचा भार कमी करताना दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, आणि ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ असे झाले. याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी नागरिकांनी खुले पत्र काढले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, असे परिषदेचे उत्तर होते. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत तो पोहोचत नाही. बारावीच्या त्याच पाठात ओपारिन, हाल्डेन आणि मिलर यांचा परिचय येत असल्याने, अशा विद्यार्थ्यांचा जीवोत्पत्तीच्या शास्त्रीय विचाराशी शाळेत संबंध येण्याची संधीही कमी होते.